अर्धा सूर

छोटी : त्या चेलोवाल्याला फोन लावा. आत्ताच्या आत्ता. विचारा त्याला, झोपेत वाजवलंस का रे बाबा?

रेकॉर्डिस्ट : बाई, तो गेला दौऱ्यावर. काल सकाळी एकटाच आला, त्याचा भाग वाजवून दिला आणि इथूनच परस्पर स्टेशनवर गेला.

छोटी : जाईल नाही तर काय करील! असले दिवे लावल्यावर कोण थांबतंय? ताई, ऐकलंस ना तू? मी गातेय, तू पियानोवर माझ्या साथीला, सगळं कसं छान चाललंय, आणि मध्येच हा गृहस्थ... खिळ्याने पत्र्यावर ओरखडा काढावा तसं. दाढा शिवशिवल्या माझ्या.

ताई : ऐकलं.

छोटी : 'ऐकलं' म्हणे. बास? एवढंच?

ताई : पाणी पी. ओरडू नकोस, घसा बसेल.

छोटी : बसू दे. गाणं झालंय माझं. आणि काय झालंय! भाऊ, तुम्ही काचेपलीकडे बसून दिवसभर ऐकता, तुम्ही सांगा. शेवटचा तो वरचा सूर कसा गेला?

रेकॉर्डिस्ट : सुरेख गेला, बाई. एकदम स्वच्छ.

छोटी : स्वच्छ! सत्तावन्नाव्या वर्षी! आणि तुमच्या कंपनीचे साहेब मला काय म्हणाले होते माहीत आहे? 'बाई, ऑपेरातल्या नायिकांची गाणी झेपतील ना? नाही तर दाईची, मावशीची घेऊ. खालच्या आवाजातली.' दाईची! बायकांतला सगळ्यांत उंच आवाज माझा, जन्मभर सोप्रानो म्हणून उभी राहिले, आणि हे मला पाळणा हलवायला बसवतायत.

ताई : दाया निदान जगतात. तुझ्या नायिका सगळ्या मरतात.

छोटी : मरू देत. वरचा सूर लावून मरतात. या आठवड्यात मी किती वेळा मेले असेन, भाऊ? एकदा मनोऱ्यावरून उडी टाकून, एकदा विष पिऊन, एकदा बर्फात गोठून, एकदा नवऱ्याच्या हातून...

रेकॉर्डिस्ट : नवऱ्याच्या हातून दोनदा, बाई.

छोटी : दोनदा. बघा, लक्षातसुद्धा राहत नाही. पण आजची, ही मिठागरातली बाई, हिच्यासारखी हीच. भावाला लपवलंय हिने. समोर न्यायाधीश बसलेत. ते म्हणतात, भाऊ कुठाय ते सांगू नकोस हवं तर, नुसती मान खाली घाल, सोडून देतो. आणि ही बया काय करते? मान खाली घालायची सोडून एक सूर वर चढते. ते परत म्हणतात, मान खाली घाल. ही आणखी वर. आणि तिसऱ्यांदा म्हणतात तेव्हा तर थेट तिथे, जिथून परत येता येत नाही. आणि नेमकी तिथेच तुमच्या चेलोवाल्याने माती खाल्ली!

रेकॉर्डिस्ट : बाई, एक बोलू का? रागावणार नसाल तर.

छोटी : रागावणार. बोला.

रेकॉर्डिस्ट : म्हणजे कसंय... आधी मला वाटलं, मशीनचंच काहीतरी बिनसलंय. जेवणाच्या सुट्टीत उघडून बसलो होतो. वायरी बदलल्या. तुमचं सकाळचं गाणं आणि त्याचा चेलो, दोन्ही एकावर एक लावून बघितलं. दोन गोष्टी जुळत नाहीत. एक म्हणजे सूर. आणि दुसरं, शेवटच्या भागात चेलो पुढे निघून जातो, तुम्ही दोघी मागे राहता. लय पण जुळत नाही.

छोटी : म्हणजे बेसूर तो बेसूर, वर बेताल. वा! साहेबांनी चांगला हिरा शोधला. आम्हाला कुठे हवा होता चेलो? बाकीच्या गाण्यांना आम्ही दोघी पुरलो ना? पण नाही, म्हणे शेवटचं गाणं आहे, जरा भरलेलं वाटलं पाहिजे.

ताई : भाऊ, तुमच्या मशीनमध्ये चेलो खाली घेता येतो ना? अर्धा सूर?

रेकॉर्डिस्ट : येतो की. बटण दाबायचं काम.

ताई : मग घ्या. आणि त्याची लय थोडी ओढून धरा. मिटलं. एवढं काय त्यात.

छोटी : थांब, थांब. अर्धा सूर? तुला कसं कळलं, बरोब्बर अर्धाच आहे?

ताई : कान आहेत मला.

छोटी : ते आहेतच. म्हणूनच विचारतेय. एरवी कोणी केसभर चुकलं तरी तू त्याचे वाभाडे काढतेस. त्या बासरीवाल्याला रडवून घरी पाठवलं होतंस. आज मघापासून आपली स्टुलावर बसून पट्ट्या पुसतेयस. भाऊ, चेलो किती वर आहे?

रेकॉर्डिस्ट : चेलो वर नाहीये, बाई.

छोटी : म्हणजे?

रेकॉर्डिस्ट : म्हणजे तो छापील कागदावर आहे तसाच आहे. बरोबर आहे तो.

छोटी : मग पियानो उतरला असेल. सकाळी तो लावणारा आला होता, त्यानेच घोळ घातला. मला बघितल्याबरोबर वाटलं होतं, याचं लक्ष नाही.

रेकॉर्डिस्ट : पियानो पण तपासला. चोख लागलाय.

छोटी : चेलो बरोबर. पियानो बरोबर. मग काय मी बेसूर झाले?

रेकॉर्डिस्ट : नाही, नाही. तुम्ही पियानोच्या सुरात आहात. अगदी तंतोतंत.

छोटी : मग?

रेकॉर्डिस्ट : मी जरा चहाचं सांगून येतो.

छोटी : बसा खाली. चहा गेला खड्ड्यात. ताई.

ताई : हं.

छोटी : माझ्याकडे बघ. कुठल्या पट्टीत वाजवलंस तू?

ताई : खालच्या.

छोटी : नीट सांग.

ताई : कागदावर आहे त्याच्या अर्धा सूर खाली. मला वाटलं होतं, चेलोवाला आपल्याबरोबर बसून वाजवेल. त्याच्या कानात सांगितलं असतं, त्यानेही खाली घेतलं असतं. तो आदल्या दिवशीच येऊन वाजवून जाईल हे मला काय माहीत?

छोटी : आजच घेतलंस खाली? घशाला थकवा आला असेल म्हणून?

ताई : नाही.

छोटी : मग कधीपासून?

ताई : त्या हिवाळ्यापासून.

छोटी : कुठल्या... त्या? अगं, तीन वर्षं झाली त्याला!

ताई : होत आली.

छोटी : तीन वर्षं. म्हणजे ते सगळे कार्यक्रम... आणि माझ्या गुळण्या! देवा रे. भाऊ, हसू नका.

रेकॉर्डिस्ट : नाही हसत.

छोटी : मिठाच्या गुळण्यांनी आवाज परत आला म्हणून मी जगाला सांगत सुटले! शिष्यिणींना सकाळी रांगेत उभं करून गुळण्या करायला लावल्या. अजून करतात बिचाऱ्या. त्या घशाच्या डॉक्टरला तोंडावर सांगितलं मी, तुमच्या औषधांना जमलं नाही ते चिमूटभर मिठाने केलं. तो हसला होता. त्यालाही माहीत होतं?

ताई : नाही. तू बोललीस की तो नेहमीच हसतो.

छोटी : विनोद नको, ताई. आत्ता नको. तू मला फसवलंस.

ताई : हो.

छोटी : 'हो' काय? काहीतरी बोल ना! रोज सकाळी मी उठून तुझ्या पियानोशी उभी राहते, तू सूर देतेस, मी घेते. पाच वर्षांची होते तेव्हापासून. तू दिलास तो सूर खरा, हे मी कधी तपासून बघितलं नाही. बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

ताई : तुला तो हिवाळा आठवतो?

छोटी : नाही आठवत. आठवायचाही नाही.

ताई : मला आठवतो. भर थिएटरमध्ये वरचा सूर फाटला तुझा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी तू पडद्याबाहेर आली नाहीस. मागच्या दाराने कपडे न बदलता घरी. मग तुझ्या खोलीचा पडदा कोणी उघडायचा नाही. केस विंचरायचे नाहीत. मी ताट आणून ठेवायचे, तसंच परत न्यायचे. कोणाचा फोन आला की सांगायला लावायचीस, ती आता गात नाही. एक दिवस तुला दंडाला धरून उठवलं मी. पियानोशी उभी केली. म्हटलं, एकदाच म्हण, माझ्यासाठी. आणि अर्धा सूर खाली वाजवलं. तू वर गेलीस, सूर लागला. तू माझ्याकडे बघून हसलीस. त्या दिवशी जेवलीस तू, छोटे. दोनदा वाढून घेतलंस. मी काय करायला हवं होतं? तुला थांबवून सांगायला हवं होतं की बाई, हा तो नव्हे?

छोटी : नंतर सांगायचंस. महिन्याने. पट्टी खाली घेणं काही पाप नाही, भले भले घेतात वयाप्रमाणे. मीच घेतली असती.

ताई : तू? तू घेतली असतीस?

छोटी : नसती घेतली. गाणं सोडलं असतं. पण ते मी ठरवलं असतं. माझं गाणं होतं.

ताई : आणि मी?

छोटी : तू काय?

ताई : तू गाणं सोडलंस की मी कोण? मी एकटीने कधी वाजवलंय? माझ्यासाठी कोणी खुर्च्या मांडल्यात कधी? तू गातेस म्हणून मी वाजवते. तू पडदा ओढून बसलीस तेव्हा माझ्याही खोलीत अंधारच होता, फक्त मला पडदा ओढायला वेळ नव्हता. म्हण स्वार्थी. मी तुझ्यासाठी केलं, आणि तेवढंच माझ्यासाठीही केलं.

छोटी : ताई, हे माझं पहिलं रेकॉर्ड आहे. आणि शेवटचं. जेव्हा मी हे सूर नुसते हसत फेकायचे तेव्हा कोणी मशीन लावलं नाही. आज, सगळं उतरणीला लागल्यावर, कुणाला तरी माझी आठवण झाली. उद्या मी गेले की लोक म्हणणार, छान गायची म्हणे. पुरावा काय, तर हा. आणि यात ती बाई न्यायाधीशांसमोर उभी राहून म्हणतेय, मान खाली घालणार नाही. आणि आहे खालीच! अर्धा सूर आधीच वाकून उभी आहे ती! तूच वाकवलीस तिला.

ताई : ऐकणाऱ्यांना नाही कळत.

छोटी : मला कळतं.

ताई : तुला तीन वर्षं कळलं नाही.

छोटी : बरं मारलंस. नेमकं लागलं.

रेकॉर्डिस्ट : बाई, मी मध्ये बोलतो, माफ करा. पण हे अगदी सोपं आहे हो. चेलो खाली घेतला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि तुम्हाला मूळ पट्टीच हवी असेल तर उलटंही करता येतं. सकाळचंच गाणं, तुमचा आवाज आणि पियानो, मशीनमध्ये अर्धा सूर वर उचलायचं.

छोटी : मशीन मला वर उचलणार? हमाल पेटी उचलतो तशी?

रेकॉर्डिस्ट : आजकाल सर्रास करतात, बाई.

छोटी : करू देत. मी अजून चालती-फिरती आहे. मी जाईन माझ्या पायांनी. भाऊ, माइक लावा. परत गाणार मी. छापलंय त्या पट्टीत.

ताई : मी नाही वाजवणार.

छोटी : काय?

ताई : तू पडणार. आणि तशी पडलेलीच मशीनमध्ये कायमची राहणार. जो येईल तो तेवढंच ऐकेल. त्याला साथ मी करायची? नाही करणार.

छोटी : मग नको करूस. चेलो आहे. काल मी त्याला शिव्या दिल्या, आज त्याच्याबरोबर गाते.

ताई : काल नाही, मघाशी दिल्यास.

छोटी : मघाशी तर मघाशी!

ताई : आणि लयीचं काय करशील? भाऊ म्हणाले ते ऐकलंस ना? शेवटच्या भागात तू मागे पडतेस. मी आजवर बोलले नाही, पण आता ऐकच. तुझा श्वास पुरत नाही, छोटे. म्हणून तू ते हळू घेतेस. गेलं वर्षभर घेतेयस. मी मुकाट्याने तुझ्या मागून वाजवत आले. तो चेलो नाही थांबणार तुझ्यासाठी.

छोटी : माझा श्वास?

ताई : हो, तुझा.

छोटी : माझा श्वास पुरत नाही म्हणून मी हळू गाते असं वाटतं तुला?

ताई : वाटतं काय, दिसतंच.

छोटी : ताई, गाताना मी कुठे बघते माहीत आहे? लोकांना वाटतं, दूर कुठेतरी. मी तुझ्या हातांकडे बघते. तुझी डावी करंगळी उठत नाही. वर्ष झालं. सकाळी बरणीचं झाकण माझ्यासमोर सरकवतेस आणि म्हणतेस, तुला काही काम नको. बटणं लावायला तुला केवढा वेळ लागतो. त्या शेवटच्या भागात डाव्या हाताला धावायचं असतं. पहिल्यांदा तू तिथे अडखळलीस तेव्हा मी मुद्दाम श्वास लांबवला. तुला गाठता यावं म्हणून. लोकांना वाटलं, बाई किती भावनेने गातात. पेपरात आलं होतं, 'संथ, करुण समारोप'. कसला करुण? तुझी करंगळी होती ती.

ताई : खोटं बोलतेस तू. राग आलाय म्हणून बोलतेस.

छोटी : राग आलाय म्हणून बोलले. खोटं नाही बोलले. भाऊ, माझा श्वास कमी पडतो?

रेकॉर्डिस्ट : मला यात नका ओढू हो.

छोटी : तुम्ही आधीच आत आहात. सांगा.

रेकॉर्डिस्ट : नाही पडत. म्हणजे... गाणं संपल्यावर जो श्वास सुटतो तो मी कापतो ना, तेव्हा कळतं. बाईंचा बराच उरलेला असतो.

ताई : अस्सं.

छोटी : ताई...

ताई : म्हणजे एवढी माणसं समोर बसलेली असताना तू मला हाताला धरून रस्ता ओलांडून देत होतीस. आणि मी समजत होते, मीच तुला सांभाळतेय.

छोटी : तसं नव्हतं गं ते.

ताई : कोणी सांगितलं होतं तुला?

छोटी : तुला कोणी सांगितलं होतं?

ताई : मला विचारायचं तरी! मी सांगितलं असतं, माझे हात माझे मी बघून घेईन!

छोटी : अगदी! अगदी हेच!

ताई : मी काय लुळी पडलेय?

छोटी : मी काय पडलेय?

ताई : वर्षभर दया करत होतीस माझ्यावर.

छोटी : राग आला?

ताई : उठून घरी जावंसं वाटतंय. चालत. तुझ्याशी न बोलता.

छोटी : मलाही. पण एकाच घरी जायचंय.

रेकॉर्डिस्ट : चहा खरंच सांगू का आता?

ताई : नको. भाऊ, तो चेलो मूळ पट्टीत आहे, आणि मूळ लयीत.

रेकॉर्डिस्ट : हो. आणि ताई, तो तुमच्यासाठी थांबायचा नाही. मशीनवर आहे तो, माणूस नाही समजून घ्यायला.

ताई : तेच बरं. समजून घेणारी माणसं खूप झाली. द्या ते कानाला लावायचं. एक मला, एक हिला.

छोटी : तू वाजवणार?

ताई : स्टूल जरा पुढे ढकल. करकरतंय ते, खाली घडी घाल काहीतरी. आणि तू त्या चपला काढ, सकाळी तुझी टाच वाजत होती.

छोटी : ताई, बोटं आधी गरम पाण्यात...

ताई : गप. तू माझी लय बघायची नाहीस, मी तुझी पट्टी बघायची नाही. चेलो जाईल तसं जायचं. पडलीस तर पडलीस. मी थांबणार नाही.

छोटी : मीही नाही. मागे राहिलीस तर राहा मागे.

रेकॉर्डिस्ट : दार लावून घेतो, जिना वाजतो. बाई, काळजी करू नका. सकाळचं आहेच आपल्याकडे. नाहीच जमलं तर चेलो उतरवून तेच घेऊ.

छोटी : सकाळचं पुसा.

रेकॉर्डिस्ट : काय?

छोटी : पुसून टाका.

रेकॉर्डिस्ट : बाई, असं कोणी करत नाही. एवढं स्वच्छ गाणं! ठेवायला काय जातंय?

छोटी : ते तिथे आहे हे मला माहीत असलं तर अर्ध्या वाटेवरून मी त्याच्याकडे पळेन. मी ओळखते मला. ती मिठागरातली बाई मागच्या दाराने पळाली नव्हती. मी पळाले होते, एकदा. परत नाही. पुसा, माझ्यासमोर.

रेकॉर्डिस्ट : ताई, तुम्ही तरी सांगा हिला. यांना.

ताई : पुसा, भाऊ.

रेकॉर्डिस्ट : दोघी सारख्याच. पुन्हा मिळणार नाही, सांगून ठेवतो. साहेबांना मी काय सांगू?

छोटी : सांगा, म्हातारीने ऐकलं नाही.

रेकॉर्डिस्ट : पुसलं. झालं. गेलं. आता लाल दिवा लागला की चार ठोके ऐकू येतील, मग चेलो.

ताई : छोटे.

छोटी : काय?

ताई : खांदे खाली. मान वर.

(गाणं होतं. लाल दिवा विझतो.)

रेकॉर्डिस्ट : बोललात तरी चालेल आता.

छोटी : फाटला.

ताई : कडेला फाटला. पण लागला.

छोटी : लागला ना? खरं सांग. मला माझंच काही ऐकू येत नव्हतं. घशात कोणी तरी दोरी ओढतंय असं झालं. म्हटलं, आता सुटतो. आता सुटतो. नाही सुटला.

ताई : चेलो संपून गेला तरी तू वरच होतीस. मी हात उचलून बसले होते, ही कधी उतरतेय म्हणून.

छोटी : आणि तू काय धावलीस गं! मी एकदा वळून बघितलं तर तुझ्या कपाळावरची शीर तट्ट फुगलेली. दाखव तो हात. दाखव म्हणते ना.

ताई : काही झालेलं नाही.

छोटी : सुजलाय.

ताई : सुजू दे.

रेकॉर्डिस्ट : परत ऐकतो मी एकदा... हं. बाई, वरच्या सुराच्या सुरुवातीला खरखर आहे. ऐकू येते चांगलीच. आणि ताई, शेवटी डाव्या हाताचे दोन सूर गळालेत.

ताई : तीन.

रेकॉर्डिस्ट : तीन? एक मला नाही सापडला. पण काळजी नको. खरखर मी घासून काढतो आणि ते सूर आधीच्या ओळीतून उचलून भरतो. अर्ध्या तासाचं काम आहे. कुणाला पत्ता लागणार नाही.

ताई : हात लावायचा नाही.

छोटी : मी म्हणणार होते ते.

ताई : मी आधी म्हटलं.

रेकॉर्डिस्ट : अहो, पण साहेब ऐकतील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतील, हे खरखरतंय काय.

छोटी : सांगा त्यांना, बाई आहे. मीठ उपसून उपसून हात फाटलेत तिचे, उद्या तिला मारणार आहेत, आणि ती ओरडून सांगतेय की मान खाली घालणार नाही. तिचा आवाज दुधासारखा कसा असेल? मी तरुणपणी हे गायचे ना, भाऊ, तेव्हा फार गोड गायचे. वेडीच होते.

रेकॉर्डिस्ट : एक सांगू? सकाळी तुम्ही गात होतात तेव्हा मी काट्यांकडे बघत होतो, आवाज कुठवर जातोय ते. माझं कामच आहे. आत्ता बघायचं राहून गेलं.

ताई : मग मशीनमध्ये आवाज फुटला असेल कुठे तरी.

रेकॉर्डिस्ट : नाही फुटला. नशीब.

छोटी : ताई, अजून राग आहे?

ताई : आहे.

छोटी : मलाही आहे. घरी गेल्यावर भांडू.

ताई : जेवल्यावर.

छोटी : बरं, एक विचारू? ही बाकीची गाणी. या आठवड्यात गायलेली. मनोऱ्यावरून उडी टाकणारी, ती बर्फातली, त्या नवऱ्याने मारलेल्या दोघी...

ताई : आधी पाणी पी.

छोटी : ताई. त्यातली किती खाली घेतलीस?

ताई : एक सोडून सगळी.

छोटी : सगळी! अगं, बर्फातलीसुद्धा? ती तर माझी... बरं. बरं. एक तरी सोडलंस, उपकार झाले. कुठलं ते?

ताई : हे. आत्ता गायलीस ते.

रेकॉर्डिस्ट : बाई, मग मी आवरायला घेऊ?

छोटी : नका, भाऊ. मशीन चालू राहू दे.